कीटो डाएटमध्ये चहा-कॉफीत शुगर-फ्री पावडर चालते का? कीटोसिस (कार्ब म्हणजे कर्बोदकं खूप कमी केल्यावर शरीर चरबी जाळायला लागतं ती अवस्था) मोडतो का?

चालते. स्टीव्हिया, सुक्रालोज किंवा एरिथ्रिटॉलमुळे सहसा कीटोसिस मोडत नाही, पण पुडीत त्यांच्यासोबत काय मिसळलंय ते आधी बघा. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड असतं, म्हणजे एका कपाला लागणारी मात्रा डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढीच. मग पुडी भरायची कशाने? बऱ्याचदा डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिनने, आणि ही दोन्ही सरळसरळ कार्बच. १ ग्रॅमच्या अशा पुडीत जवळजवळ १ ग्रॅम कार्ब असतं, तरी पुढे 'झिरो' छापलेलं असतं! दिवसाला पाच-सहा पुड्या झाल्या, की दिवसाच्या २० ग्रॅम कार्बच्या हिशेबातले पाच-सहा ग्रॅम तिथेच संपले. थेंबांच्या बाटलीत सहसा ही भानगड नसते.

एरिथ्रिटॉल बहुतांशी लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं, त्यामुळे नेट कार्ब (शरीर खरंच वापरतं तेवढेच कार्ब) मोजताना ते एकूण कार्बमधून वजा केलं तरी चालतं. माल्टिटॉल या दुसऱ्या स्वीटनरचं तसं नाही. 'शुगर-फ्री' चॉकलेट-बिस्किटांत ते हमखास सापडतं, त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स (रक्तातली साखर किती वाढते त्याचं माप) ३५ च्या आसपास असतो (सिरपचा त्याहून जास्त), शिवाय जास्त खाल्लं तर पोट बिघडतं ते वेगळंच.

एक मात्र आहे: निव्वळ वजन उतरवण्यासाठी स्टीव्हिया-सुक्रालोजसारखे स्वीटनर वापरू नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला आहे. एरिथ्रिटॉल त्या सल्ल्यात येत नाही, आणि आधीपासून मधुमेह असलेल्यांनाही तो लागू नाही.