चाकूचं नवं मॉडेल आणायचंय, तारीख आत्ताच जाहीर करू का?

तुम्ही एकटेच चाकू बनवता, आजवर मागेल त्याला एकेक करून दिलात, आणि आता स्वयंपाकघरासाठी एक ठरलेलं मॉडेल दोन महिन्यांनी काढायचंय, पंचवीस नग. तारीख जाहीर करून आगाऊ पैसे घ्यावेत का, असं विचारलंय.

नका घेऊ. पाणी देऊन, म्हणजे लाल तापवून बुडवून कडक केल्यावर, पातं सरळ बाहेर येत नाही तोवर ते मोजायचंच नाही. हे मला फुकट कळलेलं नाही.

माझ्या पहिल्या लाँचला मी तीस चाकू जाहीर केले होते. तीस पाती कापून, भोकं पाडून ओळीने मांडली आणि त्यांचाच फोटो टाकला. अठ्ठावीस जणांनी पैसे भरले. बाजारात तुरी म्हणतात ना, तसा प्रकार. भट्टी पेटायची होती अजून. पोलाद 1084, म्हणजे कार्बन साधारण 0.84 टक्के, नवख्यालाही सांभाळून घेणारं. (आपण ‘पाणी देणं’ म्हणतो, पण मी देतो ते तेलाचं. साध्या पाण्यात बुडवलं तर बारीक ‘टिंग’ ऐकू येतं आणि धारेत चीर दिसते.) घाईघाईत मी धारेची बाजू आधीच कागदासारखी पातळ करून ठेवली होती. एवढी पातळ धार तेलात गेली की दोन्ही अंगांनी सारखी थंड होत नाही. नऊ पाती वाकली, दोन चिरली. वाकलेल्यांपैकी चार टेम्परिंग करताना (कडक पातं पुन्हा मंद तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात, ते) लोखंडी पट्टीला क्लॅम्पने आवळून सरळ केली. तरी हाती तेवीसच, आणि पैसे भरलेले अठ्ठावीस. उरलेल्या पाच जणांना एकेक करून कळवावं लागलं. दोघांनी पैसे परत मागितले, आणि का मागू नयेत?

तेव्हापासून धार मी कडक करण्याआधी साधारण 0.7 मिमी जाड ठेवतो आणि उरलेलं नंतर घासतो. तापमान मोजायचं यंत्र नसेल तर लोहचुंबक वापरा, 770 अंशांच्या आसपास पातं त्याला चिकटेनासं होतं. तिथून आणखी थोडं वर, 815 च्या सुमाराला, बुडवायचं. तेल 50 अंशांपर्यंत कोमट करून घ्या. गार तेल दाट असतं, पात्याभोवती बसलेली वाफ लवकर सुटत नाही. मग धारेवरून कानस फिरवून बघा, ती काचेवरून घसरल्यासारखी घसरली पाहिजे. लगेच 200 अंशांवर दोन-दोन तास, दोनदा टेम्परिंग. ते उद्यावर टाकू नका, न टेम्पर केलेलं पातं हातातून पडलं तर तुटतं.

पुढचं घासणं उघड्या हाताने करा. बोटांना चटका बसला की पाण्यात बुडवा. धारेवर निळी झाक आली म्हणजे तिथे 300 अंशांच्या आसपास गेलं आणि कडकपणा उतरला. निळेपणा पॉलिशने जातो, मऊपणा नाही. असा चाकू विकायचा मोह होतो, कारण दिसत काहीच नाही. गिऱ्हाइकाला मात्र आठवडाभरात कळतं.

तेव्हा पंचवीस हवेत तर तीस-बत्तीस पाती कापा, कडक करा, आणि जेवढी टिकतील तेवढाच आकडा सांगा. एकोणीस निघाली तर एकोणीस.

दरम्यान एक-दोन नमुने दिवसभर चिराचिरी करणाऱ्या माणसाला महिनाभर वापरायला द्या. मित्राला नको, मित्र ‘भारी झालाय’ म्हणतो. ‘कसा वाटला?’ विचारूही नका, चाकू परत घेऊन बघा. मूठ कुठे काळी पडलीय, माणूस पात्याच्या मागच्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावून वापरत होता का. माझ्या नमुन्यावर मुठीच्या कडेने नख फिरवलं तर पोलाद लाकडाच्या किंचित वर आलेलं लागलं. लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं, मागाहून आकसलं. आता मुठीचं लाकूड दोन-तीन महिने कामाच्याच खोलीत पडू देतो.

किमतीचं थोडक्यात: एक चाकू घड्याळ लावून पुरा करा. पात्याचा आकार काढायला फार वेळ लागत नाही, हाताने सँडपेपर मारण्यात दिवस जातो. फोटो, पॅकिंग, ‘कधी मिळेल’ची उत्तरं, तेही त्यातच धरा.

विक्रीच्या पानावर गंजाबद्दल मोठ्या अक्षरात लिहा: हे स्टेनलेस नाही, आंबट चिरल्यावर करडं पडेल, वापरून झालं की पुसून ठेवा. हे आधी वाचलेला माणूस करड्या डागाचा फोटो पाठवून भांडत नाही. कुरिअरवाला चाकू नेतो का, हेही आधी विचारून ठेवा, आणि टोकाला जाड पुठ्ठ्याचं म्यान करा. नुसत्या खोक्यातून टोक सरळ बाहेर येतं.

आणि तयार झालेल्यांपैकी दोन विकू नका, बाजूला ठेवा. गेल्या बॅचला टोक मोडल्याची तक्रार तिसऱ्याच दिवशी आली, बदली चाकू त्याच संध्याकाळी रवाना केला.