खांद्याचा टेंडन आणि कोलॅजेनचा पॅच

प्रश्न : माझ्या वडिलांच्या (वय 64) उजव्या खांद्यातील रोटेटर कफ (खांद्याभोवतीच्या स्नायूंच्या टेंडनचा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांचा, समूह) फाटला आहे. शस्त्रक्रियेत टेंडन हाडाला टाक्यांनी बसवून वर कोलॅजेन या प्रथिनाचा पॅच लावावा, असे डॉक्टर सुचवतात. पॅचमुळे हा जोड पूर्वीसारखा होतो का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पूर्वीसारखा होत नाही. टेंडन हाडाला मिळतो त्या अरुंद पट्ट्यात आधी टेंडन, मग तंतुमय कूर्चा, मग कॅल्शियमयुक्त कूर्चा आणि शेवटी हाड, असे थर एकमेकांत मिसळत जातात. टेंडनच्या कित्येक पट ताठ असलेल्या हाडावर येणारा ताण त्यामुळे एकाच रेषेवर साचत नाही. ही रचना बव्हंशी जन्मानंतर, वाढीच्या वयात स्नायूंच्या ओढीखाली घडते. प्रौढाचे शरीर ती पुन्हा घडवत नाही, तर तेथे व्रणऊती भरते. टायटॅनियमचे किंवा विरघळणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लाचे अँकर (टाके अडकवण्यासाठी हाडात बसवलेल्या खुंट्या) टेंडन जागेवर धरून ठेवतात, पण थर निर्माण करत नाहीत.

जैविक म्हणजे उपकारकच, असेही समजू नये. डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून केलेला पॅच वापरून मोठ्या, जुनाट फाटींवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले : पॅच लावलेल्या 15 खांद्यांपैकी 4, तर पॅचविना शिवलेल्या 15 पैकी 9 खांदे भरून आले. रुग्णसंख्या लहान होती, तरी पॅचचा लाभ दिसला नाही, एवढे स्पष्ट झाले. इतर पॅचना हा निकाल जसाच्या तसा लागू करणे मात्र अन्यायाचे ठरेल, कारण मानवी त्वचेपासून किंवा गाईच्या कोलॅजेनपासून केलेल्या पॅचची जाडी, बळ आणि शरीरात टिकण्याचा काळ निराळा असतो.

मला अधिक आशादायक वाटते ती मूळ थरांचीच नक्कल करण्याची दिशा. अमेरिकेत सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी 2009 मध्ये अतिसूक्ष्म तंतूंच्या जाळीवर कॅल्शियम फॉस्फेटचा थर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे विरळ होत जाईल असा चढवला. तो जसा विरळ झाला, तशी जाळीही लवचीक होत गेली. अर्थात, प्रयोगशाळेतील अशी जाळी आणि रुग्णाचा खांदा यांत अंतर बरेच आहे.

पॅच ताण पेलण्यासाठी आहे की केवळ नव्या ऊतीला आधार म्हणून, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. एमआरआयमध्ये स्नायूत चरबी कितपत भरलेली दिसते, हेही विचारावे. ती फार असेल, तर पॅच कोणताही असो, टेंडन जुळण्याची शक्यता कमी होते.