केसगळतीचं कारण कधी कधी तीन महिने मागे असतं

बाळंतपणाला चार महिने झालेली एक आई माझ्याकडे आली. केस मूठ-मूठ गळत होते. नहाणीत साचलेले केस ती रोज मोजायची. ‘टेन्शन घेतेस म्हणून गळतात,’ असं घरीदारी सगळे सांगत होते. म्हणजे केस जायचे ते जायचेच, वर दोषही तिच्याच माथी! हा सल्ला मला फार क्रूर वाटतो.

मी तिला आधी मागच्या काही महिन्यांबद्दल विचारलं. गरोदरपणात संप्रेरकांमुळे एरवी गळणारे केसही टिकून राहतात. बाळंतपणानंतर ते एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन ते चार महिन्यांनी गळू लागतात. जोराचा ताप, मोठी शस्त्रक्रिया, झटपट वजन उतरवणं, जबर मानसिक धक्का यांनंतरही असंच होतं. मुळं शाबूत असतात, त्यामुळे सहसा वर्षभरात केस पूर्ववत होतात. एरवीही दिवसाला ५० ते १०० केस गळतातच.

‘मग वडिलांसारखं टक्कल नाही ना पडणार?’ तिची खरी भीती ही होती. आनुवंशिक गळती वेगळी. त्यात केस हळूहळू बारीक होत जातात. पुरुषांचं कपाळ मागे सरकतं किंवा टाळू उघडी पडते, बायकांचा भांग रुंदावतो. उपचार लवकर सुरू केले तर उरलेले केस बरेचसे राखता येतात. चाई पडते तेव्हा शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. गोल, गुळगुळीत चट्टा दिसतो. कायम घट्ट बांधल्यानेही कडेचे केस जातात. खाज, कोंड्यासारखे पापुद्रे आणि तुटके केस दिसले तर बुरशीची शंका घ्यावी. डोक्याची त्वचा लाल होऊन दुखत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये, कारण व्रण झाला की मूळच मरतं.

त्वचारोगतज्ज्ञांकडे मी तिला पाठवलंच. रक्ततपासणीत थायरॉइड ठीक होतं, लोह कमी निघालं. त्याची औषधं सुरू झाली.

पुढच्या भेटीत ती केसांबद्दल फारसं बोललीच नाही. बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नव्हती, उगाच रडू यायचं. हे कुणाला सांगायची तिला लाज वाटत होती. केसांचं सांगणं सोपं होतं. प्रसूतीनंतरच्या नैराश्याची ही लक्षणं असू शकतात, म्हणून त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. नवऱ्यालाही बोलावलं. रात्रीचं निम्मं जागरण त्याने आपल्याकडे घेतलं.