कळलं तर काम बंद पडेल का?

"मॅडम, लोकांना कळलं तर माझं काम बंद पडेल का?" मी समुपदेशक आहे. समलिंगी असलेले कितीतरी जण हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. शिक्षक येतात, दुकानदार येतात, बँकेतले येतात. घरचं दडपण असतंच, पण कोल्हापूरसारख्या गावात, जिथे गिऱ्हाईक ओळखीतूनच येतं, तिथे पोटाची भीती जास्त छळते. ज्याची गोष्ट सांगते आहे त्याने लिहायला परवानगी दिली आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत. त्याला सुहास म्हणू या.

सुहास पहिल्यांदा आला तो वेगळीच तक्रार घेऊन. "हात चालत नाही." वय ३४, चित्रकार. फोटोवरून पोर्ट्रेट करायचा, वरच्या खोलीत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांचे क्लास घ्यायचा आणि श्रावणाच्या आसपास गणेशमूर्तींचे डोळे आखायला कुंभारांकडे बसायचा. डोळ्यांची आखणी ज्याच्या हातात आहे त्याला त्या दिवसांत जेवायला फुरसत नसते. असा माणूस सांगत होता, की कॅनव्हासला ब्रश टेकवला की बोटं थांबतात आणि रात्री तीनला जाग येते ती येतेच.

तिसऱ्या भेटीत त्याने मोबाइलवर स्वतःची चित्रं दाखवली. ऑर्डरची नाहीत, स्वतःची. रंकाळ्याच्या कठड्यावर बसलेले दोघं, मधे भेळेचा एकच कागद. तालमीत हौद्याची लाल माती उकरणारे दोघं, घामाने निथळलेले. पहाटे गॅसपाशी चहाचं पातेलं धरून उभा असलेला एक आणि दारात दुसरा. पुरुषाचं शरीर काढणं या गावाला नवीन नाही, कुस्ती इथे घराघरात आहे. मला वेगळंच काहीतरी दिसलं. प्रत्येक चित्रात दुसरा माणूस पाठमोरा होता.

"हे कायम पाठमोरे का?"

बराच वेळ तो बोललाच नाही. मग म्हणाला, "तोंड काढलं तर वळखतील की, मॅडम."

त्याचा जोडीदार गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत कामाला आहे. दोघांना सात वर्षं झाली. ही चित्रं वाकळेत गुंडाळून कॉटखाली ठेवलेली असत, क्लासची मुलं घरी गेल्यावर आणि दाराला कडी लावल्यावरच बाहेर निघत. एकावरही त्याची सही नव्हती.

इथे माझी चूक झाली. मी लगेच विचारलं, "आईला सांगायचं कधी ठरवलंय?" पुढच्या दोन्ही वेळा तो आलाच नाही. फोन केला तेव्हा शांतपणे म्हणाला, "मी कामाचं विचारायला आलो होतो. तुम्ही आईवर गेला." त्याचं बरोबर होतं. आईला सांगणं ही काही पार करायची परीक्षा नाही, आणि तिची तारीख समुपदेशकाने काढायची नाही.

परत आला तेव्हा फार खचलेला होता. म्हणाला, "आबालालनी कोटितीर्थात टाकली, मी रंकाळ्यात टाकतो. सुटलो." कोल्हापूरकरांना संदर्भ सांगायला नको. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले आणि त्या दुःखात चित्रकार आबालाल रहिमान यांनी आपली चित्रं कोटितीर्थ तलावात बुडवली, असं इथे पिढ्यानपिढ्या सांगतात. चित्रकाराच्या तोंडी हे ऐकलं की मी आडवळण घेत नाही. "चित्रंच टाकायचीत, की स्वतःलाही?" तो रडला. चित्रंच, म्हणाला, पण एकदोन रात्री स्वतःचाही विचार आला होता. मग आधी त्या रात्रींची सोय केली. झोपेसाठी ओळखीच्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, जोडीदाराला सगळं स्पष्ट सांगायचं ठरवलं, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये माझ्यासमोर सेव्ह केला. बाकी सगळं त्यानंतर.

तेव्हाच कळलं की बाविसाव्या वर्षी तो एका डॉक्टरकडे गेला होता आणि "लग्न केलं की जातं" असं ऐकून परतला होता. बारा वर्षं तो ते वाक्य बाळगून होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ती 'बदलायचा' उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवलं. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कायद्याचीही भीती उरलेली नाही. लग्नाला मान्यता मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिली नाही. हेही मी त्याला सांगितलं, खोटी आशा नको म्हणून.

मग त्याच्या मूळ प्रश्नाकडे आलो. एक लांब वही आणायला सांगितली. त्यात रकाने पाडले: काम कोणतं, देतं कोण, वर्षाला किती, आणि कळलं तर काय. शेवटच्या रकान्यात तीनच उत्तरं चालतील असं ठरवलं: जाईल, राहील, माहीत नाही. ही वही भरायला त्याला तीन आठवडे लागले.

निम्म्याहून जास्त पैसा पोर्ट्रेटचा निघाला. ती येतात फ्रेमवाल्याकडून किंवा पुण्या-मुंबईहून फोनवर, बहुतेक वारलेल्या वडिलांची. लोक काय बघतात? "फेटा आणि मिशी," तो म्हणाला. "मिशी वडलांसारखी आली की डोळ्यांत पाणी. मी कोण, कुणाबरोबर राहतो, कोण विचारतंय?" लिहिलं: राहील. मूर्तींचे डोळे: राहील, कारण तसा हात दुसरा मिळत नाही. एका शाळेतला छंदवर्ग: जाईल. क्लासपुढे त्याने 'माहीत नाही' लिहिलं आणि पेन बराच वेळ तिथेच टेकवून धरलं. सगळी भीती त्या ओळीत होती. इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड आली की दहावीला सात गुण वाढतात, आईबापांचं लक्ष त्यावर असतं. पण आपली मुलं कुणाकडे बसतात, यावरही असतं.

वही मिटताना त्याला एक गोष्ट दिसली, ती मी दाखवलेली नाही. दहा वर्षांतली सगळ्यात चांगली चित्रं कुठल्याच रकान्यात नव्हती. सही नाही, फोटो नाहीत, कुठे पाठवलेली नाहीत. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर दाखवायला फक्त इतरांच्या वडिलांच्या मिशा. ज्या कामाचं काय होईल म्हणून तो घाबरत होता, त्यातलं अर्धं त्याने स्वतःच कॉटखाली बंद करून ठेवलं होतं.

भूपेन खक्कर यांचं नाव त्याने काढलं. बडोद्याचे, चार्टर्ड अकाउंटंट, चित्रं काढतानाही हिशेबाची नोकरी करत राहिलेले. पुरुषांमधलं प्रेम त्यांनी कॅनव्हासवर उघडपणे आणलं ते चाळिशी उलटल्यावर. सुहासला त्यांचं धाडस मोठं वाटायचं. मला त्यांची नोकरी मोठी वाटते. पोट एकीकडे सांभाळलं की चित्राला कुणाच्या मर्जीची गरज लागत नाही. उशीर झाला असंही मला वाटत नाही.

आम्ही ठरवलं ते साधं होतं. आधी सह्या. मग सहा चित्रं मुंबईच्या एका समूहप्रदर्शनाला, जिथे ओळखीचं कुणी भेटण्याची शक्यता कमी. इचलकरंजीच्या ताईला सांगायचं त्याने स्वतःच ठरवलं. ती पंधरा दिवस बोलली नाही. मग फोन केला आणि विचारलं ते गौरीचे मुखवटे रंगवून देशील का, एवढंच. त्या विषयावर ती अजून बोललेली नाही, पण फोन येतात. आईला सांगितलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात चार मित्रांबरोबर त्याने चित्रं लावली. निसर्गचित्रं बरीच, आणि त्यांत रंकाळ्याचं ते एक, सहीसकट. मी गेले होते. एक आजोबा त्या चित्रापुढे उभे राहून भेळेच्या कागदावरच्या तेलाच्या डागाकडे बोट दाखवत नातवाला सांगत होते, "बघ, असं बघायला शिकायचं असतं."

त्यानंतर क्लासची दोन मुलं यायची थांबली. त्यामुळे, की दहावी आली म्हणून, कळायला मार्ग नाही. सुहास पुन्हा रात्री जागा राहू लागला. आम्ही वही काढली, दोन मुलांची फी वजा केली, उरलेला आकडा मोठ्याने वाचला. कारण शोधायचं नाही असं त्याने ठरवलं. पहिले काही आठवडे ते जड गेलं.

आता तो महिन्यातून एकदा येतो. या महिन्याची वेळ त्याने पुढे ढकलून घेतली. मूर्ती वाळल्यात, म्हणाला, डोळे करायचेत.