बाबेलात घरं बांधा

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

नीटमध्ये दुसऱ्यांदाही सरकारी कॉलेजपुरते गुण पडले नाहीत आणि खाजगीची फी बाबांच्या आवाक्याबाहेर आहे, एवढं मला तुझ्या आईकडून कळलं होतं. पुढचं तुझ्या मेसेजमधून कळलं. चर्चच्या तरुण संघात उभं राहून 'देवानं मला एमबीबीएसचं वचन दिलंय' अशी आगाऊ साक्ष तू दिली होतीस, आणि आता लोकांना तोंड कसं दाखवायचं म्हणून उपासनेला जाणंच सोडलंस. शिवाय निकालानंतर घरी येणारा जो तो 'एक दार बंद झालं की देव दुसरं उघडतो' असं सांगून चहा पिऊन जातो. बाळ, ते वाक्य बायबलमध्ये कुठंही नाही, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायची तुझ्यावर सक्ती नाही.

आधी रड. उपदेश ऐकायची घाई नको. बायबलमधलं स्तोत्र 88 काढून वाच. सुरुवातीला देवाला 'माझ्या उद्धारक देवा' म्हणून हाक आहे, आणि मग शेवटच्या ओळीपर्यंत नुसती तक्रार. अंधारातच संपतं ते. तरी कुणी ते पवित्र शास्त्रातून काढून टाकलेलं नाही. देवावर रागावून देवाशीच बोलणं हीसुद्धा प्रार्थनाच असते.

आता तुझ्या अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवलेल्या वचनाकडे येते. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, 29:11. 'हिताचे संकल्प, अनिष्टाचे नव्हेत.' आपल्याकडे ते मगवर असतं, कॅलेंडरवर असतं, लग्नपत्रिकेवरही असतं. पण त्याच्या वरची दहा वचनं वाचलीस का? ते एक पत्र आहे. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, नबुखद्नेस्सर राजानं यरुशलेमातून तिथल्या राजाला, कारागिरांना, लोहारांना उचलून बाबेलास नेलं, त्या माणसांना यिर्मयानं लिहिलेलं. त्यांचंही सगळं ठरलेलं असणार, कुणाचं लग्न, कुणाचं दुकान, कुणाचं मंदिरातलं काम. आणि यिर्मया लिहितो काय? घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याच्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षांनी परत आणीन, असं देव म्हणतो. सत्तर! म्हणजे पत्र हातात घेणारी बहुतेक मोठी माणसं बाबेलातच मरणार होती. 11वं वचन त्या माणसांना दिलेलं आहे.

त्याच सुमाराला हनन्या नावाचा एक संदेष्टा सांगत होता की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू त्यानं सगळ्यांसमोर मोडून दाखवलं. लोकांना तो किती आवडला असेल! तुझ्या डोक्यावर हात ठेवून 'मला पांढरा कोट दिसतोय' म्हणणारे ते पाहुणे प्रचारक मला हनन्याच्याच जातकुळीतले वाटतात. माणूस वाईट नसेल, पण देवानं न दिलेला शब्द त्यांनी दिला. तो खोटा ठरला म्हणजे देव खोटा ठरला, असं होत नाही.

पंडिता रमाबाईंचं नाव तू लहानपणापासून ऐकतेस, केडगावच्या मुक्ती मिशनला सहलही गेली असशील. पण त्यांनाही डॉक्टर व्हायचं होतं, हे कुणी सांगितलं का? दुष्काळाच्या काळात आईवडील गेले, 1880 मध्ये भाऊ गेला, त्याच वर्षी लग्न झालं आणि 1882 मध्ये नवराही गेला. पदरात वर्षाचीही नसलेली मनोरमा. 1883 मध्ये वैद्यकी शिकायला त्या इंग्लंडला पोहोचल्या, तिथंच बाप्तिस्मा घेतला, आणि ऐकू कमी येतं म्हणून वैद्यकीचं शिक्षण राहूनच गेलं. मग चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवायला लागल्या. 1886 मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या, त्या आनंदीबाई जोशींना डॉक्टरची पदवी मिळताना पाहायला. आपल्याला न मिळालेली गोष्ट दुसरीला मिळताना बघायला समुद्र ओलांडून जायचं. मला रमाबाईंचं हे फार मोठं वाटतं. तुझी मैत्रीण यंदा एमबीबीएसला लागली, तिला तू अजून फोन केलेला नाहीस, म्हणून मुद्दाम लिहिलं. आणि आनंदीबाईंचं? पुढच्याच वर्षी, दवाखाना चालवायला मिळण्याआधीच, त्या वारल्या.

कान गेले म्हणून रमाबाईंची विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, झाली, म्हणून मुक्ती मिशन झालं, असा हिशेब जुळवायचा मोह होईल तुला. जुळवू नकोस. 1921 मध्ये मनोरमाही गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं ती. तो आकडा कुठल्या रकान्यात मांडशील? पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. शेवटच्या वर्षांत त्या मराठी बायबलच्या भाषांतरावर काम करत होत्या, ते छापून झालं त्यांच्या मागं, 1924 मध्ये. 'हे कशासाठी' याचं उत्तर मिळालं म्हणून त्या कामाला लागल्या असं मला दिसत नाही. उत्तर नसतानाही समोर भुकेली मुलगी होती, तिला जेवायला घालायचं होतं.

मी आयुष्य वॉर्डात काढलं, नर्स म्हणून. ऑर्थोपेडिकला एक ट्रक ड्रायव्हर होता, गुडघ्याखाली पाय काढावा लागला. बायको दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसली. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाली, 'सिस्टर, सुईदोरा मिळंल का?' त्याच्या पँटींचा एकेक पाय आखूड करून टीप घालत बसली ती, डिस्चार्जची तारीखही ठरलेली नसताना. ती आपल्या मंडळीतली नव्हती. पण यिर्मयाचं पत्र वाचताना मला ती आठवते.

मग ख्रिस्ती आशेत निराळं काय, असं तू विचारशील. निराळा आहे तो येशू. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्यानं स्वतः 'हा प्याला', म्हणजे हे दुःख, 'टळू दे' म्हणून मागितलं आणि तो टळला नाही. त्याच्या मरणानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघे शिष्य म्हणतात, आमची तर आशा होती की हाच इस्राएलाची मुक्ती करील. होती! भूतकाळात बोलतायत, आणि ज्याच्याविषयी बोलतायत तो पुन्हा उठलेला येशू शेजारून चालतोय. पुढं थोमा या शिष्याला त्यानं हात दाखवले तेव्हा खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. पुनरुत्थानानं जखमा पुसल्या नाहीत, पण मरण हरलं. माझी सगळी भिस्त तेवढ्यावर आहे. तुझ्या गुणपत्रिकेवर ती कधीच नव्हती.

आता कामाचं. बी.एस्सी.चे अर्ज सुरू असतील, मुदत बघ. नर्सिंगचा विचार करणार असशील तर 'डॉक्टर नाही तर नर्स' म्हणून नको करू, आम्हाला राग येतो. आवडत असेल तरच. तिसऱ्यांदा नीट द्यायची की नाही ते बाबांबरोबर कागदावर खर्च मांडून ठरव, स्वप्नात आवाज आला म्हणून नको. तोपर्यंत संडे स्कूलचा छोट्यांचा वर्ग घे. पाळकसाहेब शिक्षक नाही म्हणून माझ्या मागं लागलेत, आणि माझे गुडघे आता जमिनीवर बसू देत नाहीत.

साक्षीचं म्हणशील तर कुणी विचारलं की सरळ सांग, 'मी मागितलं होतं, मिळालं नाही.' ऐकणाऱ्यांत असं न मिळालेली निदान निम्मी माणसं असतील. रविवारी साडेआठला चर्चच्या फाटकापाशी थांबते, एकटीनं आत शिरायला नको. त्या मैत्रिणीला मात्र आजच फोन कर.

तुझी,
संडे स्कूलची बाई