वाचायचा कंटाळा की वाचता न येणे?

प्रश्न : आमच्या गावातील पतसंस्थेचे संकेतस्थळ माझ्या मुलाने तयार करून दिले. दिसायला ते देखणे आहे. परंतु साठीच्या पुढचे सभासद ते उघडतात आणि ‘अक्षर लागत नाही’ म्हणून व्याजदर विचारायला कार्यालयातच येतात. मुलाच्या मते जुन्या माणसांना वाचायचाच कंटाळा असतो. त्याचा कोड एका अनुभवी प्रोग्रामरला दाखवला, तेव्हा ‘चालतो, पण वाचता येत नाही’ असा शेरा मिळाला. कोड संगणकाला समजला म्हणजे पुरे नाही का?
— एक वाचक, जिल्हा सांगली

उत्तर : आपण पाठविलेली पानांची छायाचित्रे आम्ही मोबाइलवर उघडून पाहिली आणि आमचे मत सभासदांच्या बाजूने पडले. पांढऱ्या पार्श्वभूमीवर मुलाने जो फिकट करडा रंग वापरला आहे, त्याच्या रंगसंकेतात सहा वेळा नऊ येतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर साध्या मजकुरासाठी किमान ४.५ असावे, असे वेब सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष २००८ पासून सांगत आहेत. या करड्या रंगाचे गुणोत्तर जेमतेम २.८ भरते. करडाच हवा असेल, तर ७६ हा आकडा तीनदा लिहून होणारा रंग निकषात कसाबसा बसतो. तरीही उन्हात, ओट्यावर बसून मोबाइल पाहणाऱ्यासाठी आम्ही त्याहूनही गडद रंग निवडू.

खरी अडचण मात्र ओळींमधील अंतराची आहे. इंग्रजी मजकुरासाठी बेतलेला साचा मुलाने जसाच्या तसा उचललेला दिसतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि ऋकार येतात. ‘सर्वांची’ या शब्दात तर रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर दाटी करतात. ओळीची उंची कमी ठेवली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात, आणि ठरावीक उंचीच्या चौकटीत तर ते कापलेच जातात. आपल्या तिसऱ्या छायाचित्रात ‘त्यांचा हप्ता’ हे शब्द ‘त्याचा हप्ता’ असे वाचले जातात, कारण अनुस्वार चौकटीच्या वर राहून गेला आहे. पैशाच्या व्यवहारात एकाचे अनेक किंवा अनेकांचा एक होणे किती महागात पडेल, हे पतसंस्थेला सांगायला नको. ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपट करावी. मजकूर एवढा मोकळा केला तरी तो कापला जाऊ नये, अशी अट त्याच निकषांच्या २०१८ च्या आवृत्तीत आहे.

मथळ्यातील अक्षरे ऐटीत दिसावीत म्हणून ती एकमेकांपासून दूर सारली आहेत. रोमन लिपीत हे शोभते. आपल्याकडे त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटलेल्या माळेसारखा दिसतो. दोन्ही कडा सरळ राखण्याचा हट्टही मोबाइलवर सोडावा, कारण अरुंद रकान्यात मराठीचे लांबलचक सामासिक शब्द बसविताना शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडे पडतात. पानाची भाषा मराठी असल्याची नोंदही कोडमध्ये करावी. तशी सोय असलेल्या फॉन्टमध्ये मग ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाने उमटतात, आणि मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालीला मराठी उच्चार निवडता येतात. व्याजदरांचा तक्ता चित्र म्हणून चिकटविला आहे, तो या प्रणालीला वाचताच येत नाही. मोठा करू जावे तर तो धूसर होतो, आणि दर बदलला की नवे चित्र काढावे लागते.

आता कोडविषयी. संगणकाला वाचनीयतेशी देणेघेणे नाही, हे खरे आहे आणि धोका तिथेच आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोनच्या प्रणालीत तातडीची दुरुस्ती करावी लागली. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये ‘चूक आढळल्यास’ या अटीखालची ‘शेवटच्या टप्प्यावर जा’ अशा अर्थाची ओळ चुकून लागोपाठ दोनदा आली होती. दुसरी ओळही पहिलीइतकीच आत सरकवून लिहिलेली असल्याने ती अटीखालची वाटत होती. अट कोणत्या ओळींना लागू आहे हे दाखवणारे महिरपी कंस नसल्यामुळे प्रत्यक्षात तिला कोणतीच अट लागू नव्हती. परिणामी सही पडताळण्याची पायरी गाळून ‘सर्व ठीक’ असा निकाल मिळत राहिला. डोळ्याला दिसणारी रचना एक आणि यंत्राने घेतलेला अर्थ दुसरा, असा तो प्रकार होता.

आपल्या मुलाच्या कोडमध्ये ०.०८५ हा आकडा सात ठिकाणी आहे आणि त्याला नाव कुठेच नाही. त्यांतील कोणता ठेवीचा दर आणि कोणता कर्जाचा, हे सहा महिन्यांनी त्यालाही सांगता येणार नाही. प्रत्येक दराला एकदाच नाव द्यावे आणि पुढे तेच वापरावे. नाव मराठी ठेवायचे असेल, तर त्याचे रोमन स्पेलिंग आधी कागदावर ठरवावे. ‘व्याज’ हा शब्द कोणी एका ‘ए’ने लिहितो, कोणी दोन ‘ए’ घालतो आणि मग एकाच गोष्टीची दोन नावे होतात. पायथन ३ या प्रोग्रामिंग भाषेत थेट देवनागरीत नाव देता येते. पण पुढे हा कोड सांभाळणाऱ्याला तसे टंकलेखन जमणार आहे का, हे आधी विचारावे.

दुरुस्तीची सुरुवात व्याजदरांचे चित्र काढून तिथे साधा तक्ता टाकण्यापासून करावी. हे काम एका दुपारचे आहे. रंग आणि ओळींचे अंतर पुढच्या आठवड्यात बदलले तरी चालेल.