अभ्यासक्रम बदलताय? आधी गुणपत्रिका बघा

पदवीच्या शेवटच्या वर्षात एक सत्र कारखान्यात किंवा सहकारी संस्थेत प्रत्यक्ष काम, असा आराखडा तुम्ही अभ्यास मंडळापुढे ठेवताय आणि उद्योगांना पटवायचं कसं, असं विचारलंय. बारा वर्षांपूर्वी मी हेच करत होते, म्हणून राहवलं नाही.

उद्योग पटतात हो. करार, रोजनिशी, मार्गदर्शक हे तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात शिरत नाही. आमचं घोडं अडलं परीक्षा विभागात. विद्या परिषदेची मंजुरी आली, मुलं काम करून परतली, आणि निकालाच्या दिवशी सगळ्यांच्या नावापुढे 'निकाल राखीव'. खिडकीतल्या गृहस्थांनी कोरी गुणपत्रिका पुढे सरकवली. लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक अशा तीन रकान्यांवर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, तुमचे गुण भरू कुठे?"

एका रकान्यासाठी फाईल पाच महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. एका मुलीला तिने काम केलं त्याच कारखान्याने नोकरी देऊ केली होती. गुणपत्रिका नाही, म्हणून ती जागा गेली. घरातली पहिली पदवीधर. तिचे वडील रजा टाकून विभागाच्या बाकावर येऊन बसायचे. मी त्यांच्याशेजारी बसायचे, सांगण्यासारखं काहीच नसायचं. पाच महिन्यांत त्या कार्यालयाने एका पत्राचंही लेखी उत्तर दिलं नाही, याचा संताप अजून गेलेला नाही. पण अभ्यासक्रम लिहिताना मी एकदाही त्यांच्याकडे फिरकले नव्हते, ही चूक माझीच.

म्हणून आराखड्याआधी नमुना गुणपत्रिका छापून मागा, विषयाच्या संकेतांकासकट. नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात, तुमची नियमावली तुम्हीच तपासा.

माझं मत ठाम आहे. देश पुढे नेणारं शिक्षण वगैरे अहवालांतून खूप येतं, पण बाहेरच्या कामाला पदवीत गुण नसतील तर मुलं ते उरकून टाकतात. १९०६ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात प्राध्यापक हर्मन श्नायडर यांनी अभियांत्रिकीच्या मुलांना आलटूनपालटून वर्गात आणि कारखान्यात पाठवलं, ते वेळापत्रकातच बसवून. १९६० साली सुरू झालेल्या, आजच्या उत्तराखंडातल्या पंतनगरच्या कृषी विद्यापीठातही शेतकऱ्यांपर्यंत जाणारं विस्तारकार्य हे अध्यापन-संशोधनाइतकंच विद्यापीठाचं काम मानलं गेलं. दोन्हीकडे बाहेरचं काम मूळ रचनेतच होतं. आपण ते मागाहून शिवतो आणि शिवण उसवते.

आणखी एक, अभ्यासक्रमात कुठल्याही सॉफ्टवेअरचं नाव घालू नका. मंजुरी येईपर्यंत ते जुनं होतं. नावं परिशिष्टात ठेवा, महाविद्यालयाला बदलता येतील अशी.

आणि विद्यावेतनाचा आकडा करारातच लिहून घ्या. आमच्या पहिल्या तुकडीतल्या दोघांनी खोलीचं भाडं झेपेना म्हणून काम अर्ध्यावर सोडलं होतं, आणि दोघंही वर्गातली हुशार मुलं होती.